दिला… आला

२७ ऑगस्ट, मंगळवार

प्लांट कालपासून बंद. इथली शांतता पहिल्यांदाच ऐकली आणि चैन पडेना. जुन्या पॅनेलची दारं उघडी ठेवली आहेत. येणारा-जाणारा प्रत्येक जण आत डोकावून जातो, आजारी माणसाला बघून यावं तसा.

आई फोनवर म्हणाली, तू दिवसभर करतेस तरी काय? सांगितलं, तेलाच्या कारखान्याचा मेंदू बदलतोय. सोयाबीनचं तेल कधी तापवायचं, किती, वाफ कधी सोडायची, सगळं तो मेंदू ठरवतो. तो जवळजवळ माझ्याच वयाचा. सुटे भाग आता भंगारवाल्याकडेच मिळतात. तो काढून नवा बसवायचा. त्याआधी लूप चेकिंग. म्हणजे दातारकाका तेल तापवायच्या उंच टॉवरवर चढून एकेका उपकरणापाशी जाणार, हातातल्या यंत्राने खोटा सिग्नल देणार. मी खाली कंट्रोल रूममध्ये पडद्यावर बघणार, बरोबर जागी उमटला का. वॉकीटॉकीवर ते म्हणतात "दिला", मी म्हणते "आला". असं शेकडो वेळा.

आई म्हणाली, एवढ्यासाठी इंजिनिअर झालीस?

प्लांट हेड मिश्राजींचा एकच धोशा. "मैडम, पितृपक्ष लगने से पहले. सत्रह को विश्वकर्मा पूजा, उसी दिन नया सिस्टम चालू." पितृपक्षात आमचे मालक नवीन बल्बसुद्धा लावत नाहीत म्हणे. म्हणजे घाई. नेहमीचीच.

२८ ऑगस्ट, बुधवार

दातारकाका (यापुढे दा. का., हात दुखतो) आज फॉर्मात. मार्चमध्ये रिटायर झाले, पण हा बदल होईपर्यंत कॉन्ट्रॅक्टवर ठेवून घेतलं आहे. जुनं पॅनेल बसवलं तेव्हा ते डिप्लोमा करून नुकतेच लागले होते. पहिल्या दिवशी त्याचा मेन स्विच त्यांनीच फिरवला. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की आता आपणही तिथे हजर होतो असं वाटतं.

"चालू मी केलं, बंद पण मीच करणार. बस, इतकंच. मग हार घाला नाहीतर गेटबाहेर काढा, अपने को क्या."

मला नावाने हाक मारत नाहीत. मी सांगलीची, ते पक्के इंदूरचे, म्हणून सांगलीकर. "ए सांगलीकर, तुझी मराठी ऐकली की शाळेत बसून राहिल्यासारखं वाटतं." मी म्हटलं, तुमची ऐकली की मला रेल्वे स्टेशनवर बसल्यासारखं वाटतं, अर्धी अनाउन्समेंट हिंदीत. वॉकीवर इतके हसले की मधेच मिश्राजींचा आवाज, "भिया, चैनल खाली रखिए."

३० ऑगस्ट, शुक्रवार

टॉवरचे वरचे माळे. "दिला" यायला वेळ लागतोय. आधी बटण दाबल्याची खट्, मग वारा, मग श्वास, पुन्हा श्वास, मग "दिला". मी "आला" म्हणते आणि थांबते. वॉकीटॉकी कानाशी धरला की माणूस फार जवळ येतो. नको तितका.

म्हटलं, काका, मधे मधे बसत जा.

"बसलोच आहे. इथून पूर्ण पीथमपूर दिसून राहिलं. तू बस खाली एसीत." मग खोकला. म्हणे तोंडात लवंग होती, ती अडकली.

खाली आले तेव्हा शर्ट भिजलेला. दिवसभर ढग होते, ऊन नव्हतंच.

१ सप्टेंबर, रविवार

दा. कां.कडे जेवण, रामबागेत. इंदूरला आल्यापासून बहुतेक रविवार तिथेच. माझा विजय नगरचा फ्लॅटही त्यांनीच शोधून दिला, मालकाशी भांडून. काकूंची आमटी गोड असते. मी चोरून तिखट घालते, त्या बघून न बघितल्यासारखं करतात.

काकू म्हणाल्या, "यंदा यांनी गच्चीवर पाय नाही ठेवला. टाकी धुवायला माणूस बोलावला. म्हणे गुडघे. गुडघे तर माझे गेलेत, यांचे कधी गेले?" दा. का. डावा खांदा चोळत होते. मी बघितलं.

जेवणानंतर पान आणायला स्वतःच निघाले. मी गॅलरीत उभी. गल्लीच्या टोकापर्यंत जाईतो दोनदा थांबले, दुकानांच्या पाट्या वाचत. जन्म गेला त्या गल्लीत, पाट्या काय वाचायच्या!

३ सप्टेंबर, मंगळवार

आज सगळं भराभर. दिला, आला, दिला, आला. वरच्या माळ्यांची कालपर्यंत रखडलेली यादी दुपारपर्यंत अर्धी झाली. मिश्राजी खूश. मीही.

जेवल्यावर लक्षात आलं, वारा नाही. वरच्या माळ्यावरून बोलताना माइकमध्ये वारा शिट्टी मारतो, इतके दिवस वैतागले होते त्याला. आज वारा नाही, आणि मागे ग्राइंडरचा आवाज. ग्राइंडर तर खाली चालू आहे, वर्कशॉपच्या दारात. आणि काकांना धाप लागलेली नाही. सगळ्यात जास्त तेच खटकलं.

बाहेर जाऊन बघितलं. टॉवरच्या जिन्याखाली जंक्शन बॉक्स आहे. वरच्या सगळ्या उपकरणांच्या तारा तिथे एकत्र येतात आणि मग माझ्याकडे येतात. बॉक्सचं दार उघडं, समोर स्टूल, स्टूलवर दा. का. तिथून सिग्नल दिला तरी माझ्या पडद्यावर उमटतोच. फक्त वरचं उपकरण आणि तिथून खाली आलेली तार तपासली जात नाही. म्हणजे तपासणी अर्धी आणि सही पूर्ण तपासणीची.

त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. फुंकर मारून चहा पीत होते.

आत आले. वॉकीवर "दिला". मी म्हटलं, "आला".

४ सप्टेंबर, बुधवार

मी "आला" म्हणत राहिले. आजही सगळं भराभर.

साइटवर असं करणारे ते पहिले नाहीत. लोक कंटाळ्याने करतात, उन्हाने करतात, शनिवारी लवकर सुटायला करतात. पण दा. का.? मागच्या वर्षी मी एका तारेला नंबर लावायला विसरले तर दोन दिवस माझ्याशी धड बोलले नव्हते.

राग आलाय. भीतीही वाटतेय. कुठलं किती, ते कळत नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत एकटीच वर गेले. कँटीनचा उकळता चहा थर्मासमध्ये भरून घेतला. कोणी विचारलं तर वर बसून पिते म्हणणार होते. कोणी विचारलं नाही.

सगळ्यात वरच्या माळ्यावर तेल सगळ्यात जास्त तापतं. तिथे आत एकावर एक तेलाचे दोन ट्रे आणि दोन तापमान सेन्सर, एक वरच्या ट्रेचा, एक खालच्या. वरच्याचा काढला, चहात बुडवला, थोडं थांबले, पुसून परत बसवला. खाली येऊन पडद्यावरचा आलेख काढला.

खालच्या ट्रेची रेघ वर गेली होती. वरच्याची जशीच्या तशी.

नव्या तारा ओढताना वरच अदलाबदल झाली आहे. असाच प्लांट चालू केला असता तर एक ट्रे तापत राहिला असता आणि सिस्टिमला वाटलं असतं तो गारच आहे, अजून तापवा. आग लागलीच असती असं मी म्हणत नाही. पण तिथे माणसं उभी राहून काम करतात.

या सेन्सरच्या तपासणीच्या कागदावर दा. कां.ची सही आहे, ओके म्हणून. शेजारी माझी.

परत वर जाऊन तारा मीच बदलल्या. उरलेला चहा ओतून दिला.

६ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी सरळ जंक्शन बॉक्सपाशी गेले.

"काका, वरच्या ट्रेच्या तारा उलट्या होत्या."

"कोण म्हणतं?"

"माझा चहा म्हणतो."

हसले. मग मी सांगितलं आणि हसू गेलं. स्टूल माझ्याकडे सरकवलं, स्वतः जिन्याच्या पायरीवर बसले. आधी म्हणाले, अरे होतं यार, सगळेच करून राहिले. मग भडकले. "तू माझ्या मागे वर गेली? माझं काम चेक करायला? माझं?" मग बराच वेळ हातातल्या यंत्राची वायर गुंडाळत राहिले.

"दुसऱ्या माळ्यानंतर इथं," छातीवर हात ठेवला, "कोणी गुडघा दाबून बसतं. मी बसलो की तो उठून जातो. परत चढलो की परत."

डॉक्टरला दाखवलं आहे. जूनमध्येच. त्याने लगेच अँजिओग्राफी सांगितली. यांनी सांगितलं, सतरा सप्टेंबरनंतर. काकूंना काही माहीत नाही. उंचीवर चढायचा पास लागतो, तो कसा मिळाला? कंपनीच्या दवाखान्यात यंत्र न लावताच बीपी लिहून दिलं. "दातार साहब तो घर के आदमी हैं."

"मेडिकलमध्ये फेल झालो तर त्याच दिवशी गेटबाहेर. रूल आहे. पूर्ण जिंदगी इथं काढली सांगलीकर, शेवटी मला चोरासारखं नको काढू. सतराला स्विच बंद करतो, अठराला तू म्हणशील त्या हॉस्पिटलमध्ये जाऊन झोपतो. तुझी शपथ."

"माझी कशाला, स्वतःची घ्या."

शेवटी ठरलं ते असं. ते खालूनच सिग्नल देणार. दुपारी मी वर जाऊन खरं तपासून येणार. ते जिना चढणार नाहीत, एक पायरीही नाही. आणि मी सतरापर्यंत कोणाला सांगणार नाही. ते हो म्हणाले, मीही हो म्हटलं. बरोबर केलं का, माहीत नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून नाही म्हणवलं नाही.

७ सप्टेंबर, शनिवार. गणेश चतुर्थी

खजराना गणपतीच्या देवळाकडचे रस्ते सगळे तुंबलेले, रामबागेत पोचायला उशीर झाला. आरती माझ्यासाठी थांबवून ठेवली होती. दा. कां.चा आवाज एरवी गल्लीत ऐकू जातो. आज दुसऱ्या कडव्याला थांबले आणि नुसत्या टाळ्या वाजवत राहिले. डोळे मिटून, जसं काही भक्तीने.

काकू स्वयंपाकघरात मोदक काढता काढता म्हणाल्या, "बेटा, प्लांटमध्ये काही टेन्शन आहे का? रात्री उठून बसून राहतात."

मी म्हटलं, नाही काकू. काम जास्त आहे, बाकी काही नाही.

मोदक मऊसूत होते. या बाईने मला परक्या गावात घर दिलं आणि मी तिच्याशी तिच्याच स्वयंपाकघरात खोटं बोलले.

९ सप्टेंबर, सोमवार

थर्मास, पाना, पेचकस घेऊन माळ्यामागून माळे. मांड्या भरून आल्या आहेत. अजून एक तार सैल सापडली, बाकी ठीक.

दा. का. खाली उभे राहून तोंड वर करून बघत राहतात, मी उतरेपर्यंत. "रेलिंग धर! एक हात रेलिंगवर!" जसं काही मी पहिल्यांदाच जिना बघतेय. मी ओरडले, तुम्ही मान खाली करा, आखडेल. तर म्हणे, माझ्या मानेला काही नाही झालं, मानेचा रिपोर्ट नॉर्मल आहे.

हसले मी. वरच्या माळ्यावर एकटी बसून हसले आणि मग रडू आलं.

१० सप्टेंबर, मंगळवार

आज मालक आले होते. मिश्राजी सगळ्यांसमोर म्हणाले, "दातारजी, साहब को ऊपर का नया काम दिखा दीजिए." मी म्हटलं, मी दाखवते. मिश्राजी म्हणाले, "आप यहीं स्क्रीन समझाइएगा, बाद में." दा. कां.नी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हेल्मेट घातलं आणि "आइए सर" म्हणून निघाले.

मी कंट्रोल रूममध्ये. वॉकी कानाला लावून बसले. काहीच येईना. शेवटी उठून धावले.

दुसऱ्या माळ्याच्या वळणावर बसले होते. चेहरा राखेसारखा, घाम मानेवरून वाहत होता, तोंड उघडं. मालक फोनवर बोलत पुढे निघून गेलेले, त्यांना कळलंही नाही. मी अँब्युलन्स बोलावते म्हटलं तर माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की अजून लाल आहे. "नको. उतरून जाईल. कोणाला बोलू नको. तू प्रॉमिस केलं आहेस मला." खिशातून गोळी काढून जिभेखाली ठेवली. म्हणजे गोळ्याही आहेत. तेही मला सांगितलं नव्हतं.

थोड्या वेळाने रंग आला. मालक वरून हाक मारत होते. दा. का. उठले, रेलिंग धरून म्हणाले, "आ रहा हूँ सर, जूते की लेस खुल गई थी."

आणि चढले.

११ सप्टेंबर, बुधवार

सांगितलं.

सकाळी मिश्राजींच्या केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. छातीचं सांगितलं, गोळ्यांचं, कालचं. सेन्सरच्या तारांचं सांगितलं नाही. म्हटलं, त्यांना चढवू नका, कंट्रोल रूममध्ये माझ्या शेजारी खुर्ची द्या, सतरा तारखेला स्विच त्यांना फिरवू द्या. मला खरंच वाटलं होतं तसं होईल. काय वेडी आहे मी.

मिश्राजी वाईट माणूस नाही. टेबलावरची काच पुसत बसले. मग म्हणाले, "मैडम, कल तक मुझे पता नहीं था. अब पता है. पता होने के बाद मैं उन्हें अंदर कैसे रखूँ? कुछ हो गया तो उनकी मिसेज़ को क्या मुँह दिखाऊँगा?"

मी म्हटलं, पाच-सहा दिवस फक्त, खुर्चीवर. ते म्हणाले, रूल मैंने नहीं बनाया.

तासाभरात दा. कां.ना कंपनीच्या दवाखान्यात नेलं. या वेळी बीपीचं यंत्र लावलं. ईसीजीही काढला. पास रद्द, गेटचं कार्डही रद्द, थेट मोठ्या हॉस्पिटलात जायची चिठ्ठी. मी कंट्रोल रूममधून हललेच नाही. बाहेर जाऊन त्यांच्यासमोर उभं राहायची हिंमत झाली नाही.

मग वॉकी वाजला.

"कंट्रोल रूम."

"बोला काका."

"मॅडम, फील्डसाठी दुसरा माणूस मागून घ्या. मी वॉकी जमा करून राहिलो."

मॅडम. घ्या.

मी काका, काका करत राहिले. पलीकडे बंद झालं होतं.

१२ सप्टेंबर, गुरुवार

फील्डला नवीन माणूस आला आहे. चांगला आहे, धडधाकट आहे, वर जाऊनच सिग्नल देतो. मागे वारा ऐकू येतो. "मैडम, दे दिया." "आ गया."

दिवसभर एकच प्रश्न. मी त्यांच्या जिवासाठी सांगितलं, की माझी सही त्यांच्या सहीशेजारी होती म्हणून? जिवासाठीच. पण उलट्या तारा सापडल्या नसत्या तर इतक्या लवकर सांगितलं असतं का?

आणि आधी त्यांच्याशी बोलून मग का नाही गेले? कारण त्यांनी नको म्हटलं असतं आणि मी पुन्हा ऐकलं असतं. हे मात्र पक्कं माहीत आहे.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

काकूंचा फोन. अँजिओग्राफी झाली. तीन ठिकाणी ब्लॉक, मुख्य नळीत एक. बायपास करावी लागणार.

मग म्हणाल्या, "तुला माहीत होतं?"

"हो."

"गणपतीच्या दिवशी मी विचारलं होतं तुला."

"हो, काकू."

मागे हॉस्पिटलची घंटी वाजत होती. मग म्हणाल्या, "डॉक्टर म्हणाले, अजून एक-दोनदा चढले असते तर…" मला माफ केलं की नाही ते कळलं नाही. मी विचारलं, काका बोलतील का माझ्याशी? म्हणाल्या, "आत्ता राहू दे."

१६ सप्टेंबर, सोमवार

ऑपरेशन गुरुवारी. काकूंचे दीर म्हणाले पितृपक्ष लागतोय, पंधरवडा थांबा. काकूंनी सुनावलं, "पितर काय ऑपरेशन थिएटरच्या दारात उभे राहून राहिलेत?" हे मला नव्या माणसाकडून कळलं, तो रामबागेजवळच राहतो. एरवी हे मला काकूंनीच हसत सांगितलं असतं.

मिश्राजींना विचारलं, उद्या दा. कां.ना फक्त स्विचसाठी गाडीतून आणता येईल का. त्यांनी नुसती नाही अशी मान हलवली. मलाही माहीत होतं. विचारल्याशिवाय राहवलं नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार. विश्वकर्मा पूजा

नव्या पॅनेलला हळदकुंकू, स्वस्तिक, नारळ. कोणीतरी जुन्यालाही एक फूल वाहिलं. गुरुजी मंत्र म्हणत होते आणि मी मनात, गडबड झाली तर प्लांट आपोआप थांबवणारे सगळे इंटरलॉक मोजत होते.

मग बदल. एकेक भाग नव्या सिस्टिमवर घेतला. पंप, व्हॉल्व्ह, बॉयलरची वाफ. शेवटी टॉवर. वरच्या ट्रेची रेघ वर चढली, खालच्या ट्रेची तिच्यामागून. जशी चढायला हवी तशीच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. मिश्राजींनी माझ्याशी हात मिळवला. आठ महिन्यांचं काम, एक चूक नाही. आनंद व्हायला हवा होता. बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले.

मिश्राजी म्हणाले, "मैडम, पुराना वाला बंद कर दीजिए. आपके ही हाथ से."

जुन्या पॅनेलला आता एकही तार जोडलेली नाही. काहीच चालवत नाही ते. पण वीज चालू आहे, दिवे लागलेले आहेत. मी स्विचपाशी गेले, हातही ठेवला. मग म्हटलं, सर, थोडे दिन रहने दीजिए. साथ में चलने देते हैं, सेफ्टी के लिए.

सेफ्टीसाठी काही नाही त्यात. मिश्राजींना कळतं तेवढं. त्यांनी पॅनेलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "कबाड़ वाला महीने के आख़िर में आएगा. तब तक."

१९ सप्टेंबर, गुरुवार

दिवसभर फोन उलटा ठेवला होता. मग सुलटा. मग परत उलटा.

दुपार उलटल्यावर काकूंचा मेसेज. "ऑपरेशन झाले. बरे आहेत." एवढंच. मी उत्तरात बरंच काही लिहिलं आणि पुसलं. शेवटी नुसते नमस्काराचे हात पाठवले.

२१ सप्टेंबर, शनिवार

आयसीयूतून खोलीत आणलं. प्लांटमधले सगळे भेटून आले. दा. का. मिश्राजींशी बोलले म्हणे. म्हणाले, नवा सिस्टम कसा चालू आहे? कँटीनवाल्याशीही बोलले, त्याला म्हणाले चहात पाणी कमी टाक.

माझ्याबद्दल काही विचारलं का, ते कोणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

जुनं पॅनेल पुसून घेतलं. धूळ बसली होती.

२२ सप्टेंबर, रविवार

शेवटी मी हॉस्पिटलमध्ये गेले.

स्कूटीवर पूर्ण रस्ता वाक्य घोकत होते. काका, पॅनेल अजून चालू आहे. मी बंद केलेलं नाही. बरे व्हा, या, आणि बंद करा. गेटपासचं मी बघते, मिश्राजींच्या पाया पडेन. माफी नंतर मागणार होते. आधी हे सांगायचं होतं.

काकू बाहेरच बाकावर होत्या. वाळल्या आहेत. माझ्या हाताला धरून बसवलं, पाणी दिलं, सांगलीला आई कशी आहे विचारलं. म्हणाल्या, "थांब, बघून येते."

आत गेल्या. दार पुरतं लागलं नव्हतं. आत काही बोलणं झालं, हळू आवाजात, कळलं नाही.

बाहेर आल्या. म्हणाल्या, "झोपलेत गं."

दाराला छोटी काच आहे. उशी उंच केलेली, छातीला पट्टे, हात पोटावर. डोळे उघडे होते. खिडकीकडे बघत होते.

काकू माझ्याकडे बघत नव्हत्या. मी म्हटलं, बरं काकू. झोपू द्या त्यांना.